बेसाल्टमधील लोह आयनांचे चुंबकत्व

बेसाल्टमधील लोह आयनांचे चुंबकत्व त्यांच्या ३डी उपकवचातील अयुग्मित इलेक्ट्रॉनांमुळे निर्माण होते. फेरिक आयनाचा विन्यास ३डी⁵ असून त्यात पाच, तर फेरस आयनाच्या ३डी⁶ विन्यासात चार इलेक्ट्रॉन अयुग्मित असतात. मॅग्नेटाइट या खनिजात निम्म्या फेरिक आयनांचे चुंबकीय परिबल उरलेल्या निम्म्यांच्या विरुद्ध दिशेस असल्याने ते परस्परांस निष्प्रभ करतात. खनिजाचे चुंबकत्व मुख्यतः फेरस आयनांमुळे टिकते.

नाशिकजवळील ब्रह्मगिरी व पांडवलेण्यांचा डोंगर दख्खनच्या बेसाल्टचे आहेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा थंड होताना त्यातील मॅग्नेटाइटसदृश खनिजांनी तत्कालीन भूचुंबकीय क्षेत्राची दिशा धारण केली. दख्खनच्या खडकांतील या दिशेचा कल मोजल्यावर भारतीय भूखंड तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता, असे दिसून आले.