पूर्णा प्रकल्पक्षेत्रातील सिंचन

पूर्णा ही गोदावरीची उपनदी. तिच्यावरील येलदरी (परभणी जिल्हा) व त्याच्या खालच्या अंगाचे सिद्धेश्वर (हिंगोली जिल्हा) ही धरणे १९६८ मध्ये पूर्ण झाली. येलदरीचे पाणी जलविद्युत् केंद्रातून सिद्धेश्वर जलाशयात येते व तेथून कालव्यांद्वारे वसमत, परभणी, नांदेड या भागांस मिळते.

कालव्याचे पाणी पाळीने सुटते. तिची वेळ जलाशयातील साठ्यावर ठरते, पिकाच्या गरजेवर नव्हे. त्यामुळे काळी जमीन आधी चिबडते व पुढील पाळी लांबल्यास भेगाळते. वसमतची हळद आठ-नऊ महिने शेतात राहते. तिला दोन्ही अवस्था अपायकारक ठरतात.

इझ्राएलमध्ये १९६६ पासून उत्पादनात आलेली व महाराष्ट्रात १९८० नंतर प्रामुख्याने द्राक्षे व केळी यांच्या बागांतून प्रसार पावलेली ठिबक पद्धत पाणी मुळांशी थोडेथोडे, पण वारंवार देते. पुढे वेळमापक व विद्युत् झडपा जोडून ती स्वयंचलित करण्यात आली.

मात्र ठिबकला पाणी जवळजवळ रोज लागते आणि कालवा पाळीनेच वाहतो. विहीर व शेततळे यांमुळे हा मेळ बसतो. विहिरींनाही कालव्याच्या पाझराचा आधार असल्याने येलदरीचा साठा घटला, की स्वयंचलित झडपही निरुपयोगी ठरते. म्हणून या क्षेत्रात काटेकोर सिंचन हे कालव्यास पर्याय नसून पूरक आहे.