टपाल आणि दूरध्वनी : मक्तेदारीच्या दोन अखेरी

वाईहून निघणाऱ्या ‘नवभारत’सारख्या मासिकाचा वर्गणीदारांशी संबंध मुख्यतः टपालाचाच. टपाल आणि दूरसंचार यांचे विभाग 1985 मध्ये वेगळे झाले आणि पुढे दोन्ही सेवांचे नशीबही वेगळे ठरले. दूरध्वनीचे क्षेत्र 1994 च्या धोरणाने खाजगी कंपन्यांस खुले झाले. 1997 मध्ये नियामक प्राधिकरण आले. 2002 पासून ग्रामीण सेवेच्या निधीसाठी या कंपन्यांकडून आकार घेतला जाऊ लागला.

टपालाबाबत असा जाहीर निर्णय झालाच नाही. 1898 च्या कायद्याच्या चौथ्या कलमान्वये पत्रे वाहून नेण्याचा अनन्य अधिकार केंद्र सरकारचा होता. कुरिअरवाल्यांनी पत्रालाच ‘दस्तऐवज’ म्हटले, आणि कायदा पाहत राहिला! हा अधिकार 2023 च्या कायद्याने, 18 जून 2024 पासून, संपला; तिकिटे काढण्याचा तेवढा उरला. प्रस्तुत लेखकाच्या मते ही डोळेझाक हेही एक धोरणच होते, आणि ते दूरध्वनीच्या धोरणापेक्षा महागात पडले. शहरांतील किफायतशीर टपाल कुरिअरने उचलले. त्यांच्याकडून ग्रामीण सेवेसाठी वेगळा आकार कधीच घेतला गेला नाही. वाई तालुक्यातील जोरसारख्या डोंगराआडच्या गावी पत्र पोहोचविण्याचे बंधन मात्र एकट्या टपाल खात्यावर राहिले.