हवेच्या टाकीचे वय

पेण-रोह्याकडच्या सीएनजी रिक्षेची टाकी ठरावीक मुदतीने तपासावी लागते. तीही गॅसने नव्हे, पाण्याने. उच्च दाबाची टाकी किती काळ टिकते, हा प्रश्न मात्र मोटारीहून जुना आहे.

1780च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्याने जिरार्दोनीची हवाबंदूक स्वीकारली. तिचा दस्ता हीच हवेची टाकी. लोखंडी पत्रा रिव्हेट ठोकून व झाळून जोडलेला. ती भरायला हातपंप सुमारे 1500 वेळा मारावा लागे. (सैनिकांच्या खांद्यांची कल्पना करा!) सांधे गळत, पुढे ती बंदूक मागे पडली.

पनवेलच्या सुमा शिरूर यांनी 2004 मध्ये क्वालालंपूरला 400 पैकी 400 गुण मिळवले, तेही हवेच्या रायफलीनेच. अशा रायफलीची टाकी आज साधारण 200 बारपर्यंत भरतात. प्रत्येक भरणीत धातू ताणला जातो. हवेतील बाष्प आत साचले की पोलाद गंजते. कोरडी हवा भरल्यास आयुष्य वाढते, पण ते किती उरले हे बाहेरून दिसत नाही. म्हणून टाकीत पाणी भरून कामाच्या दाबाहून अधिक दाब देतात. पाणी जवळजवळ आकुंचन पावत नाही, त्यामुळे ऊर्जा थोडीच साठते. टाकी फाटली तरी हवेसारखा स्फोट होत नाही. दाब काढल्यावर एकूण प्रसरणाच्या 10 टक्क्यांहून अधिक प्रसरण कायम राहिले, तर पोलादी टाकी बाद! ती पुन्हा कोणी वापरू नये म्हणून कापून टाकतात.