दोन इंचांचा बाक

खांब म्हटला की आपल्या मनात अचलतेची प्रतिमा उभी राहते. पोलादी खांबाचा इतिहास मात्र ताठपणाचा कमी आणि बाकण्याचा अधिक आहे. सडपातळ खांब भाराखाली चिरडला जात नाही. त्याआधीच तो कडेला बाकतो. स्विस गणितज्ञ ऑयलर याने १७४४ मध्ये हे बाकणे सूत्रबद्ध केले. लांबी दुप्पट झाली की खांबाची भार पेलण्याची क्षमता एक चतुर्थांश उरते. धातूच्या निव्वळ बळकटीला या सूत्रात स्थानच नाही. महत्त्व आहे ते त्याच्या ताठरतेला, छेदाच्या आकाराला आणि टोकांच्या आधाराला.

हे सूत्र दीडशे वर्षे जुने झाल्यावर कॅनडात सेंट लॉरेन्स नदीवर क्वेबेकचा पूल उभारला जाऊ लागला. त्याचे दाब झेलणारे खालचे भाग म्हणजे एका अर्थी आडवे खांबच. प्रत्येक भागात चार उभ्या पोलादी फासळ्या होत्या आणि तिरप्या पट्ट्यांनी त्या एकमेकींना बांधल्या होत्या. या पट्ट्या भक्कम असतील तरच चार फासळ्या एका खांबासारख्या वागतात. एरवी त्या चार अशक्त खांब ठरतात. येथे पट्ट्याच दुबळ्या होत्या. शिवाय मधला गाळा १६०० फुटांवरून १८०० फुटांवर नेला, तरी पुलाच्या स्वतःच्या वजनाचा हिशेब वेळीच नव्याने मांडला गेला नाही.

ऑगस्ट १९०७ मध्ये एका भागाचा पाऊण इंचाचा बाक आठवड्याभरात दोन इंचांवर गेला. तो बाक कारखान्यातूनच आलेला असावा, असा युक्तिवाद झाला. तरुण निरीक्षक मॅक्लूर याचे समाधान झाले नाही. तो सल्लागार अभियंता थिओडोर कूपर यांना भेटण्यासाठी न्यूयॉर्कला गेला. आणखी भार चढवू नये, अशी तार कूपर यांनी बांधकाम कंपनीला केली. पण पुलावरचे काम थांबले नाही. २९ ऑगस्टच्या संध्याकाळी पूल कोसळला आणि ७५ कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत काहनवाके येथील मोहॉक समाजाचे अनेक जण होते.

चौकशी आयोगाने १९०८ मध्ये सदोष आराखड्यावर बोट ठेवले. १९१७ मध्ये पूर्ण झालेल्या नव्या पुलात या भागांचा छेद दुपटीहून मोठा होता. सूत्र सर्वांना ठाऊक होते आणि बाकही सर्वांना दिसत होता. परंतु मान्यवरांच्या आराखड्यापुढे डोळ्यांना दिसणारा पुरावा गौण ठरला. संहितेपेक्षा भाष्यकारावर अधिक विश्वास ठेवणाऱ्या आपल्यासारख्या वाचकांना ही चूक परकी वाटू नये.