दुन्हुआंगचा ठेवा : चिनी चित्र-काव्यातील धम्मवारसा

धम्म भारतातून चीनमध्ये गेला, हे विधान आपल्या वाचनात वारंवार येते. परंतु तो तेथे कोणत्या रूपाने रुजला, कोणाच्या हातांनी भिंतींवर उमटला आणि कोणाच्या मुखाने गायिला गेला, याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही. आपल्या व्याख्यानांतून चीन येतो तो बहुधा फाहियान आणि ह्युएनत्संग या दोन यात्रिकांपुरता. ते आले, त्यांनी भारत पाहिला, ग्रंथ नेले आणि प्रकरण संपले. वास्तविक ते ग्रंथ तेथे पोहोचल्यावर काय घडले, हाच इतिहासाचा अधिक बोधप्रद भाग होय. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर स्वतःचे साहित्य आणि स्वतःची कला उभारीत असलेल्या समाजाने तर तो अवश्य अभ्यासावा, असे आम्हांस वाटते.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. धम्म चीनमध्ये गेला तेव्हा तो देश संस्कृतिहीन नव्हता. त्याची लिपी प्राचीन होती. ३०५ कवितांचा 'शी चिंग' हा संग्रह, ज्यात लोकगीतांचाही समावेश आहे, बुद्धकाळाच्या सुमारासच सिद्ध झालेला होता. कन्फ्यूशियसच्या शिकवणीने राज्य आणि कुटुंब यांची घडी बसविली होती. अशा स्वाभिमानी समाजापुढे परदेशी भिक्खू उभे राहिले ते तलवार घेऊन नव्हे, तर भाषा शिकून. पार्थियाहून आलेला आन शिगाओ हा इ.स. १४८ मध्ये लुओयांग नगरीत आला आणि त्याने अनुवादाच्या कार्यास आरंभ केला. पुढे शतकानुशतके हे कार्य चालू राहिले.

पालीच्या अभ्यासकाला यातील एक प्रसंग विशेष जिव्हाळ्याचा वाटतो. इ.स. २२४ मध्ये विघ्न नावाचा भारतीय भिक्खू धम्मपदाची एक प्रत घेऊन चीनमध्ये आला आणि तिचा चिनी अनुवाद सिद्ध झाला. पाली धम्मपदात २६ वग्ग आणि ४२३ गाथा आहेत. या चिनी धम्मपदात पुढे भर पडून ३९ प्रकरणे झाली. त्याच्या प्रस्तावनेत एका वादाची नोंद आहे. ही प्रस्तावना झी छ्येन या उपासक अनुवादकाची मानली जाते. अनुवादाची भाषा फारच साधी आहे, तीत लालित्य नाही, असा त्याचा आक्षेप होता. त्यावर उत्तर मिळाले की, बुद्धवचनात अर्थ महत्त्वाचा आहे, अलंकार नव्हे. ऐकणाऱ्याला सहज समजणे हाच खरा गुण. हे उत्तर वाचताना चुल्लवग्गातील प्रसंगाची आठवण होते. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंनी बुद्धवचन छंदस्‌मध्ये बांधण्याची अनुमती मागितली. तथागतांनी ती नाकारली आणि धम्म आपापल्या भाषेत शिकण्याची मोकळीक दिली. आचार्य बुद्धघोषांनी 'आपली भाषा' याचा अर्थ बुद्धांची मागधी भाषा असा केला आहे, हे खरे. परंतु धम्माचा प्रत्यक्ष इतिहास पाहता, लोकांच्या भाषेत बोलण्याचा अर्थच सर्वत्र आचरणात आला, असे दिसते. चीन हा त्याचा सर्वांत मोठा पुरावा होय.

या अनुवादांचा चिनी काव्यावर परिणाम झाला. चिनी भाषेत प्रत्येक अक्षराला विशिष्ट स्वर, म्हणजे चढ-उतार असतो. तो बोलणाऱ्यांच्या तोंडी पूर्वीपासून होताच. परंतु त्याचे चार प्रकार निश्चित करून काव्यरचनेचे नियम बांधले गेले ते पाचव्या शतकाच्या अखेरीस, शेन युए आदी कवींच्या काळात. त्याच सुमारास राजधानीत सूत्रपठणाच्या पद्धतीवर विचार करण्यासाठी भिक्खूंना पाचारण करण्यात आले होते. भारतीय गाथांच्या पठणामुळेच चिनी कवींचे कान आपल्या भाषेतील स्वरांविषयी सजग झाले, असे मत चेन यिनके या इतिहासकाराने १९३४ मध्ये मांडले. १९९१ मध्ये व्हिक्टर मेअर आणि मेइ त्सू-लिन यांनी संस्कृत छंदःशास्त्राच्या आधारे या मताची नव्याने मांडणी केली. सर्वच विद्वानांना ते मान्य नाही. तथापि तांग काळात (इ.स. ६१८ ते ९०७) जे नियमबद्ध काव्य कळसाला पोहोचले, त्याच्या घडणीच्या काळात विहारांतील पठणाचा नाद कवींच्या कानी होता, एवढे निश्चित.

तांग काळातील दोन कवींचा येथे उल्लेख केला पाहिजे. पहिला वांग वेइ. हा आठव्या शतकातील कवी चित्रकारही होता. त्याचे नाव 'वेइ' आणि व्यवहारातील उपनाव 'मोजिये'. दोन्ही एकत्र उच्चारली की 'वेइमोजिये', म्हणजे विमलकीर्ती हा शब्द होतो. विमलकीर्ती हा गृहस्थ उपासक, परंतु प्रज्ञेत भल्याभल्या भिक्खूंना निरुत्तर करणारा. अशा उपासकाचे नाव कवीने आयुष्यभर धारण केले. याच वांग वेइने ह्वेइनेंग (इ.स. ६३८ ते ७१३) या आचार्याचा स्मृतिलेख रचला. परंपरा सांगते की, ह्वेइनेंग हा दक्षिणेकडील गरीब, निरक्षर लाकूडतोड्या होता. गुरूने त्याला 'तू तर रानटी दक्षिणी' या अर्थाने हिणवून पाहिले. तेव्हा माणसांत उत्तर-दक्षिण असेल, बोधीच्या पात्रतेत तसा भेद नाही, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. ही कथा पुढे रचली गेली असेल. परंतु एका समाजाने आपल्या श्रेष्ठ आचार्याची कथा अशी रचावी, यातच त्या समाजावरील धम्माचा ठसा दिसतो. जन्माने हीन ठरविलेल्यांना ज्ञानाचे दार बंद असणाऱ्या देशातील आपणांस तिचे मोल अधिक कळेल.

दुसरा कवी बाइ ज्यूयी (इ.स. ७७२ ते ८४६). इ.स. ८०९ मध्ये त्याने ५० कवितांची एक मालिका रचली. तीतील एका कवितेत कोळसे विकून पोट भरणारा म्हातारा आहे. राजवाड्यातील माणसे त्याची कोळशाने भरलेली गाडी क्षुल्लक कापडाच्या मोबदल्यात ओढून नेतात. अधिकारपदावरील माणसाने राजसत्तेच्या अशा अन्यायावर बोट ठेवावे, ही सामान्य गोष्ट नव्हे. उत्तरायुष्यात तो लुओयांगजवळील शियांगशान विहाराच्या सान्निध्यात उपासक म्हणून राहिला. विशेष म्हणजे आपल्या समग्र रचनांच्या प्रती त्याने निरनिराळ्या विहारांत जपणुकीसाठी ठेवल्या. काव्य कोठे सुरक्षित राहील, याविषयीचा त्याचा हा निर्णय होता.

आता चित्रकलेकडे वळू. वाळवंटाच्या काठी, रेशीममार्गावर दुन्हुआंग हे नगर आहे. तेथील मोगाओच्या डोंगरकड्यात इ.स. ३६६ मध्ये लेझुन नावाच्या भिक्खूने पहिले लेणे कोरले, असे एका जुन्या शिलालेखात म्हटले आहे. पुढे सुमारे हजार वर्षे काम चालले. चित्रे व मूर्ती असलेली ४९२ लेणी आज शिल्लक असून त्यांतील भित्तिचित्रांचे क्षेत्र सुमारे ४५,००० चौरस मीटर आहे. आरंभीच्या काही लेण्यांच्या मध्यभागी चौकोनी स्तंभ असून त्याभोवती प्रदक्षिणा घालता येते. आपल्या चैत्यगृहातील स्तूपाचेच हे रूपांतर होय.

उत्तर वेइ काळातील २५७ क्रमांकाच्या लेण्यात रुरू मृगाची जातककथा रंगविलेली आहे. पाली जातकसंग्रहात ती ४८२ वी असून अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यातही ती चितारलेली आहे. एकच कथा हजारो मैलांच्या अंतरावरील दोन भिंतींवर आहे. परंतु मोगाओच्या चित्रकाराने तिची मांडणी स्वतःच्या बुद्धीने केली. लांब पट्ट्याच्या दोन्ही टोकांकडून प्रसंग सरकत येतात आणि मृग व राजा यांची भेट मधोमध होते. तेथे तो मृग राजापुढे ताठ उभा आहे. २५४ क्रमांकाच्या लेण्यात शिबी राजा कबुतराच्या रक्षणासाठी स्वतःचे मांस कापून देतो. पाली सिविजातकात (क्र. ४९९) मात्र राजा आपले डोळे दान करतो. मांसदानाची कथा अन्य परंपरांतील आहे आणि अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात तीही आढळते. अशा तुलनेतून कोणती कथा कोणत्या मार्गाने गेली, याचा माग लागतो.

ही लेणी कोणी घडविली? लुओयांगजवळील लुंगमेन येथे साम्राज्ञी वू हिने इ.स. ६७२ मध्ये देणगी दिलेली, १७ मीटरहून उंच बुद्धमूर्ती आहे. परंतु त्याच डोंगरात गावोगावच्या उपासक-उपासिकांच्या मंडळांनी वर्गणी काढून कोरविलेल्या लहान मूर्तीही असंख्य आहेत आणि त्यांखाली देणाऱ्यांची नावे आहेत. मोगाओच्या भिंतींवरही दात्यांच्या, स्त्रियांच्यासुद्धा, प्रतिमा नावांसह उभ्या आहेत. चित्रकारांची नावे मात्र क्वचितच मिळतात. त्यांचा माग लागतो तो विहारांच्या हिशेबाच्या कागदांत, त्यांना दिलेल्या धान्य-तेलाच्या नोंदींत. कार्ले, कान्हेरी, नाशिक येथील दानलेख वाचणाऱ्यांना हे चित्र अपरिचित वाटणार नाही.

मात्र या वैभवाची दुसरी बाजू झाकून ठेवणे इतिहासाला धरून होणार नाही. राजाश्रयाने विहार श्रीमंत झाले, त्यांच्याकडे जमिनी आल्या आणि त्या कसणारे दासही आले. इ.स. ८४५ मध्ये सम्राट वूझुंग याने संघावर घाला घातला. राजाज्ञेतील आकड्यांनुसार ४,६०० विहार पाडण्यात आले, २,६०,५०० भिक्खू-भिक्खुणींना चीवर उतरविणे भाग पडले आणि विहारांकडील १,५०,००० दास काढून घेण्यात आले. हा शेवटचा आकडा आपणांस अस्वस्थ करणारा आहे आणि तसा तो करावयासच हवा. समतेचा उपदेश करणाऱ्या संघाच्या दारी दास असणे, ही धम्माची हानी राजाच्या हल्ल्यापूर्वीच झालेली होती. राजाने दिलेले राजानेच नेले. मोठमोठ्या कलावंतांनी नगरांतील विहारांच्या भिंतींवर रंगविलेली चित्रे नष्ट झाली. दुन्हुआंग वाचले, कारण त्या वेळी ते तिबेटी सत्तेखाली होते.

राजाज्ञेने जे पुसता आले नाही, ते लोकांच्या तोंडी होते. तांग काळात गद्य आणि पद्य आलटून-पालटून सांगावयाच्या धम्मकथांचा एक प्रकार प्रचलित झाला. त्याला चिनी भाषेत 'ब्येनवेन' म्हणतात. चित्र दाखवीत कथा सांगण्याशीही त्याचा संबंध होता. सारिपुत्त आणि विरोधी पंथीय यांच्या सामन्याची एक चित्रगुंडाळी उपलब्ध आहे. तिच्या एका बाजूस चित्रे आणि मागील बाजूस पद्ये आहेत. आपल्या जातकांतील गद्य-गाथांची वीण आणि पिंगुळीच्या चित्रकथींची परंपरा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे नाते चटकन उमगेल. मोग्गलान आपल्या मातेला नरकयातनांतून सोडवितो, ही या प्रकारातील सर्वांत लोकप्रिय कथा होय. तिच्याशी मिळतीजुळती, सारिपुत्ताच्या एका पूर्वजन्मीच्या मातेची कथा पाली पेतवत्थूत आहे. नरकांची ही वर्णने परमपूज्य बाबासाहेबांनी मांडलेल्या बुद्धिनिष्ठ धम्माशी जुळत नाहीत, हे उघड आहे. परंतु गृहत्याग करणारा भिक्खू मातापित्यांचा द्रोह करतो, या कन्फ्यूशियसपंथीयांच्या आरोपाला लोकांनी आपल्या भाषेत दिलेले ते उत्तर होते. इतिहासाचे साधन म्हणून ती कथा त्याच दृष्टीने वाचली पाहिजे.

या कथा आपल्यापर्यंत आल्या कशा? अकराव्या शतकाच्या आरंभी मोगाओच्या १७ क्रमांकाच्या लहानशा लेण्यात हस्तलिखितांचा साठा भिंत घालून बंद करण्यात आला. १९०० मध्ये वांग युआनलू या ताओपंथी पुजाऱ्याला तो सापडला. १९०७ मध्ये ऑरेल स्टाइन आणि १९०८ मध्ये पॉल पेलिओ यांनी अल्प मोबदल्यात हजारो हस्तलिखिते लंडन व पॅरिस येथे नेली. त्यांतच इ.स. ८६८ मध्ये छापलेले वज्रच्छेदिका सूत्र होते. तारखेची नोंद असलेला जगातील सर्वांत जुना संपूर्ण छापील ग्रंथ तो हाच. वांग जिये नावाच्या उपासकाने तो मातापित्यांच्या स्मरणार्थ, विनामूल्य वाटपासाठी छापविला होता. त्याच साठ्यात मोग्गलानकथेची इ.स. ९२१ ची एक प्रत आहे. ती कोणा पंडिताने नव्हे, तर जिंगतू विहाराच्या शाळेत शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने उतरून काढलेली आहे. दरबारी इतिहासकारांनी ज्या लोककथांना स्थान दिले नाही, त्या एका विद्यार्थ्याच्या लेखणीमुळे अकराशे वर्षे टिकल्या.

याच जपणुकीमुळे आपले हरवलेले धनही चीनमध्ये सापडते. अश्वघोषाच्या बुद्धचरिताचे २८ सर्ग चिनी अनुवादात पूर्ण आहेत. मूळ संस्कृत मात्र निम्मेच उरले आहे. विमुत्तिमग्गाचा चिनी अनुवाद इ.स. ५१५ चा असून मूळ पाली ग्रंथ लुप्त आहे. पुण्याचे पु. वि. बापट यांनी चिनी भाषा आत्मसात करून त्याची विसुद्धिमग्गाशी तुलना केली आणि १९३७ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यांनी दाखविलेल्या वाटेने आपल्या तरुण अभ्यासकांनी जावे. पालीबरोबर चिनी शिकणारा अभ्यासक हा आपल्या इतिहासाचा वारसदार आहे, परका नव्हे.

आणखी एक कर्तव्य याहून जवळचे आहे. १९३० च्या दशकापासून भीमराव कर्डक आदींच्या जलशांनी आणि पुढे वामनदादांसारख्या कवींनी बाबासाहेबांचा विचार वस्त्यावस्त्यांत पोहोचविला. जलशाचे गद्य-पद्याचे रूप, त्यातील सवाल-जवाब, त्याची लोकभाषा ही दुन्हुआंगच्या कथांची सख्खी भावंडे होत. त्यांना साहित्य म्हणावे की नाही, असा प्रश्न काढणाऱ्यांनी झी छ्येनला मिळालेले उत्तर आठवावे. जुन्या गायन मंडळांच्या वह्या आणि बाडे घरोघरी पेटीत, माळ्यावर पडून आहेत. त्या वाळवीला आणि रद्दीवाल्याला मिळण्यापूर्वी प्रत्येक विहाराने त्या मिळवाव्यात. त्यांवर गायकाचे, गावाचे नाव व वर्ष घालावे आणि विद्यार्थ्यांकडून त्यांच्या नकला करून घ्याव्यात. त्यासाठी राजाश्रयाची गरज नाही. एक कपाट, एक नोंदवही आणि सुवाच्य अक्षराची चार मुले-मुली पुरेशी आहेत.