सिंदखेडचे लखुजीराव जाधव

बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा हे गाव राजमाता जिजाबाईंचे जन्मस्थान म्हणून सर्वश्रुत आहे. १२ जानेवारी १५९८ रोजी त्या येथे जन्मल्या. त्यांचे पिता लखुजीराव जाधव यांचे चरित्र मात्र बहुधा एका ओळीत आटोपले जाते. वास्तविक तलवारीच्या बळावर पुढे आलेला पुरुष राजकारणाच्या पटावर उतरला, की त्याला कोणती किंमत मोजावी लागते, हे त्या चरित्रातून कळते.

लखुजीराव निजामशाहीचे मातब्बर सरदार. सिंदखेडची देशमुखी त्यांच्याकडे होती. वतन राखायचे तर फौज हवी, आणि फौज पोसायची तर कुणा ना कुणा सत्तेचा आश्रय हवा, अशी त्या काळाची रीत होती. निजामशाहीचा कारभार मलिक अंबरच्या हाती असताना, १६२१ च्या सुमारास ते मोगलांना मिळाले. मोगलांनी जाधव घराण्याला एकूण २४,००० ची मनसब दिली. १६२४ साली अहमदनगरजवळ भातवडीची लढाई झाली, तेव्हा लखुजीराव मोगलांच्या बाजूला होते, तर जावई शहाजीराजे निजामशाहीच्या. एकाच घराची माणसे परस्परांविरुद्ध उभी ठाकली!

मलिक अंबर १६२६ मध्ये वारला. पुढे लखुजीराव निजामशाहीत परतले. परंतु एकदा दुरावलेला विश्वास पुन्हा जडला नाही. २५ जुलै १६२९ रोजी ते दौलताबादेच्या दरबारात मुजऱ्यासाठी गेले असता निजामशहाच्या इशाऱ्यावरून त्यांची हत्या झाली. पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव हेही त्यांच्यासोबत मारले गेले. दौलताबाद म्हणजे पूर्वीची देवगिरी. ज्या देवगिरीच्या यादवांशी जाधव आपले कुळ जोडीत, त्यांच्याच राजधानीत त्यांचा असा अंत व्हावा, हा दैवदुर्विलासच म्हणावा लागेल.

या घातानंतर शहाजीराजांनीही काही काळ निजामशाहीचा त्याग केला. जिजाबाई तेव्हा गर्भवती होत्या. पिता, दोन भाऊ आणि भाचा एकाच दिवशी गमावलेल्या या मातेच्या पोटी १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर शिवराय जन्मले. अवघ्या सहा वर्षांनी, १६३६ मध्ये, निजामशाही संपुष्टात आली.

लखुजीरावांनी पक्ष बदलले म्हणून त्यांना दोष देणे सोपे आहे. पण ज्या राज्यांत धन्याच्या मर्जीपलीकडे न्याय नव्हता, तेथे निष्ठा कुठे ठेवावी, हा प्रश्न उरतोच. सिंदखेडराजा येथील त्यांची भव्य समाधी पाहताना, वाचकहो, आपणही त्याचा विचार करावा. त्यांच्या नातवाने पुढे त्याचे उत्तर दिले, ते स्वराज्य उभारून.