बगदाद, एक भाष्यकार आणि माझी चूक

दिवाळीच्या आधी माळा आवरायला काढला तेव्हा शाळेच्या जुन्या फायलीत काही प्रिंटआउट सापडले. मार्च २००३ चे. कडेला पेन्सिलीने माझ्याच अक्षरात इंग्रजी शब्दांचे अर्थ, आणि शेवटी तांबड्या शाईत शेरा : "मुद्दा पटण्यासारखा!" सौ. म्हणाली, "टाकू का रद्दीत?" म्हटले, थांब जरा.

ते लेखन अँड्र्यू सलिव्हन या भाष्यकाराचे. जन्म १९६३ चा, इंग्लंडमधला. शिक्षण ऑक्सफर्ड आणि हार्वर्डला. १९९१ ते १९९६ 'द न्यू रिपब्लिक' या अमेरिकन साप्ताहिकाचे संपादक. २००० पासून त्यांनी इंटरनेटवर रोजच्या रोज राजकीय भाष्य लिहायला सुरुवात केली. न्यू जर्सीतला माझा भाचा त्यांचा भक्त! तो मेलने पाठवायचा आणि मी सायबर कॅफेत जाऊन छापून आणायचो. मी मराठी माध्यमातला बी.ए., त्यामुळे शब्दकोश मांडीवर घेऊनच वाचन चाले.

सलिव्हन यांचा तेव्हाचा युक्तिवाद थोडक्यात असा. ११ सप्टेंबर २००१ नंतर जग बदलले आहे. सद्दाम हुसेनसारख्या हुकूमशहाच्या हाती संहारक अस्त्रे राहू देणे धोक्याचे आहे, आणि इराकी जनतेला त्याच्या जाचातून सोडवणे हे नैतिक कर्तव्य आहे. मला हे पटले, कारण सद्दामची कृत्ये खोटी नव्हती. १९८८ मध्ये हलब्जा गावात कुर्द लोकांवर विषारी वायू सोडला गेला, हजारो माणसे तडफडून मेली. १९९० मध्ये त्याने कुवेत गिळले.

२० मार्च २००३ ला युद्ध सुरू झाले. त्याच दिवशी भारताने वर्ल्ड कपच्या सेमीफायनलमध्ये केनियाला हरवले. दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात पोरांना सचिन आणि गांगुलीशिवाय काही सुचत नव्हते. मी मात्र फळ्यावर इराकचा नकाशा काढला, तैग्रिस आणि युफ्रेटिस दाखवल्या आणि ऐटीत सांगितले, "दोन-तीन आठवड्यांत संपेल. लोक हार घेऊन स्वागत करतील."

मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिचे वडील कुवेतला नोकरीला. कोकणात अशी घरे पुष्कळ. १९९० च्या आक्रमणात ते अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानाने हात हलवत परत आले होते आणि पुढे पुन्हा तिकडेच गेले होते. तिने विचारले, "सर, पण बगदादमधली माणसे काय म्हणतायत?"

मी म्हणालो, "आनंदातच असणार ती! बस खाली."

उत्तर अर्धे खरे ठरले. ९ एप्रिलला बगदाद पडले, फिरदोस चौकातला सद्दामचा पुतळा खाली आला. मी वर्गात विजयी मुद्रेने गेलो. पण मे महिन्यात अमेरिकेचे प्रशासक पॉल ब्रेमर यांनी बाथ पक्षाच्या वरच्या लोकांना नोकऱ्यांतून काढले आणि इराकी सैन्यच बरखास्त केले. लाखो माणसे एका फटक्यात बेकार, त्यातल्या अनेकांच्या हाती बंदुका! संहारक अस्त्रांचे साठे काही सापडले नाहीत. एप्रिल २००४ मध्ये अबू घ्रैब तुरुंगातली छायाचित्रे बाहेर आली. पुढे यादवीत लाखाहून अधिक नागरिक मेले.

आणि बगदादची माणसे बोलत होती की! 'सलाम पॅक्स' या टोपणनावाने तिथला एक तरुण वास्तुविशारद २००२ पासून इंटरनेटवर इंग्रजीत लिहीत होता. त्याला सद्दाम नको होता आणि बॉम्बही नको होते. असा माणूस खरोखर आहे का, याचीच बाहेरच्या काही लोकांना शंका! मी तो वाचला कितीतरी वर्षांनी.

सर्वांत जास्त लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. मी इतिहासाचा शिक्षक. माझ्या आजोळच्या चावडीच्या भिंतीत पहिल्या महायुद्धाला गेलेल्यांची पाटी आहे. आजी सांगायची, तिचे चुलते "बसऱ्याच्या लढाईला" गेले ते आलेच नाहीत. कूत-अल-अमाराच्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ ला उपासमारीने खंगलेल्या त्या फौजेला तुर्कांपुढे शरण जावे लागले. मार्च १९१७ मध्ये जनरल मॉड बगदादेत शिरला आणि त्याने जाहीर केले की आम्ही जेते म्हणून नव्हे, मुक्तिदाते म्हणून आलो आहोत. तीनच वर्षांत, १९२० मध्ये, इराक इंग्रजांविरुद्ध उठला आणि ते बंड विमाने आणि हिंदी पलटणी वापरून मोडले गेले. हे सगळे मला माहीत होते हो! तरी फळ्यासमोर उभा असताना आठवले नाही. जुलै २००३ मध्ये भारत सरकारने इराकला सैन्य पाठवायचे नाकारले, नाहीतर आपली पोरे पुन्हा त्याच नदीकाठी गेली असती.

सलिव्हन यांच्याबद्दल मात्र माझा आदर वाढला. अबू घ्रैबनंतर ते बदलत गेले. मार्च २००६ मध्ये 'टाइम' साप्ताहिकात त्यांनी आपल्या चुका मोजून मांडल्या : सरकारच्या कुवतीवर आणि माहितीवर फाजील विश्वास ठेवला, आपल्या सामर्थ्याची इतरांना किती चीड येते हे पाहिले नाही, आणि तिथल्या संस्कृतीचा पुरेसा विचार केला नाही. २०१३ मध्ये तर त्या काळातले आपले लेखन एकत्र करून "मी चुकलो" अशा अर्थाच्या नावानेच प्रसिद्ध केले. चुकीचे अंदाज पुष्कळांनी केले. आपलीच जुनी वाक्ये पुन्हा लोकांपुढे ठेवणारे थोडे.

शिक्षकाला ही सोय नसते. वर्ग जूनमध्ये पुढे सरकतो, आणि आपण सांगितलेले मुलांच्या डोक्यात तसेच राहते.

गेल्या वर्षी त्या बॅचचे स्नेहसंमेलन झाले. ती मुलगी भेटली, आता स्वतः शिक्षिका आहे. तिला सगळे सांगितले आणि म्हणालो, "तुझा प्रश्न बरोबर होता, माझे उत्तर चुकले." ती हसली. "सर, मला तर आठवतही नाही!" मग थोडे थांबून म्हणाली, "पण बाबांचा फोन तीन दिवस लागत नव्हता, ते आठवतंय."

ते मला आजवर ठाऊकच नव्हते. मी विचारलेच नव्हते ना.

असो. प्रिंटआउट रद्दीत दिलेले नाहीत. तांबड्या शेऱ्याखाली आजची तारीख घालून दुसरा शेरा लिहिला आहे. तुमच्यापैकी कुणी तेव्हा माझ्यासारखेच ठासून बोलले असेल तर जरूर कळवा. सोबत असली की बरे वाटते.